उशिरा पडणारी पावले

मराठी घरांत मुलाचे वाढणे महिन्यांच्या हिशेबापेक्षा त्याच्या करणीवरून मोजण्याची रीत फार जुनी आहे. मूल पालथे पडले, रांगू लागले, धरून उभे राहिले, पाऊल टाकले, बोबडे बोलले, अशा एकेका टप्प्याची घरातील वडीलधाऱ्या बायका नोंद ठेवीत असत. ही नोंद कोणत्याही वहीत नसे. परंतु ती बहुधा अचूक असे. बाळंतिणीच्या खोलीतील तेल, टाळू भरणे, शेकशेगडी आणि अंग चोळून न्हाऊमाखू घालणे या नित्यक्रमात बाळाचे हातपाय रोज कोणा ना कोणा जाणत्या बाईच्या हाती येत. एखादे बाळ लाकडासारखे ताठ आहे की पोत्यासारखे लुळे आहे, हे त्या हातांना डॉक्टरांच्या आधी कळे. मूल उभे राहू लागले की सुताराकडून पांगुळगाडा येई. ज्याला अजून चालता येत नाही त्याच्या हाती आधार द्यावा आणि त्या आधारानेच त्याला पुढे जाऊ द्यावे, हे सारे उपचारशास्त्राचे सूत्र त्या तीन चाकांच्या गाड्यात सामावलेले होते.

मात्र या शहाणपणाला एक मर्यादा होती. पाऊल वेळेवर पडले तर त्याचे कौतुक होई. वेळेवर पडले नाही तर काय करावे, याचे उत्तर घरापाशी नव्हते. मग समजूत काढण्याची भाषा सुरू होई. याचा मामाही उशिराच बोलला होता. मुलगे जरा आळशीच असतात. दात आले की चालेल. जावळ काढले की बोलेल. या समजुतींत माया होती आणि पुष्कळदा त्या खऱ्याही ठरत. ज्या मुलाच्या बाबतीत त्या खऱ्या ठरत नसत, त्याचे मात्र पहिले चारपाच वर्षांचे अमोल आयुष्य या वाट पाहण्यातच खर्ची पडे. भारतातील अपंग आणि विकासात मागे पडलेल्या बालकांच्या उपचारसेवेचा इतिहास म्हणजे ही वाट पाहण्याची वर्षे कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. त्यातील काही महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्रात लिहिली गेली आणि त्यांचे धागे राजधानी दिल्लीपर्यंत पोहोचलेले आहेत.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसास पहाडगंज हे नाव परके नाही. नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेल्या या दाट वस्तीत नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. नोकरीनिमित्त उत्तरेकडे आलेल्या अनेक कुटुंबांचा पहिला मुक्काम येथेच पडला. या वस्तीपासून फार दूर न जाता दोन संस्था भेटतात. एका बाजूस, १९१६ साली सुरू झालेल्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारालगत कलावती सरन बालरुग्णालय आहे. ते १९५६ सालचे. केवळ मुलांसाठी मोठे रुग्णालय असणे त्या काळी देशात विरळच होते. दुसऱ्या बाजूस, रेल्वेचे रूळ ओलांडून गेले की विष्णु दिगंबर मार्ग लागतो. पलुस्करबुवांचे नाव धारण करणाऱ्या या रस्त्यावर शारीरिक अपंगत्वाच्या पुनर्वसनाचे शिक्षण आणि सेवा देणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिचा आरंभ एका स्वयंसेवी परिषदेने चालविलेल्या संस्थेच्या रूपाने झाला होता. १९७५ साली केंद्र सरकारने ती आपल्याकडे घेतली आणि पुढे तिला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव दिले. आपले मूल कडेवर घेऊन दूरदूरच्या गावांहून नवी दिल्ली स्थानकावर उतरणाऱ्या मातापित्यांना या दोन दारांचा पत्ता विचारावा लागतो. हे पत्ते अस्तित्वात कसे आले, हे समजून घेण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे अपंग मुलांसाठी ज्या पहिल्या संस्था निघाल्या त्या शाळांच्या स्वरूपाच्या होत्या. मुंबईत माझगाव येथे १८८५ साली मूकबधिर मुलांची शाळा निघाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईतच अंध मुलांसाठी शाळा काढली. ज्या मुलांना त्यावेळी कोणी शिकविण्याजोगे मानीत नव्हते, त्यांना या संस्थांनी शिकविले. हे त्यांचे मोठेपण आहे. परंतु शाळेत येण्याआधी मुलाला बसता यायला हवे, हाताने धरता यायला हवे, आणि शिक्षकाचे म्हणणे कोणत्या ना कोणत्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे. ज्या मुलांचे अडणे याच पायरीवर होते, त्यांना शाळेचे दार उघडे असूनही बंदच होते. त्यांच्यासाठी शिक्षण आणि वैद्यक या दोहोंच्या मधली अशी एक तिसरी वाट हवी होती.

त्या वाटेचा उगम युरोपात शोधावा लागतो. फ्रान्समध्ये अव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या एका मुलाला शिकविण्याचा प्रयत्न डॉक्टर इटार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत केला. तो मुलगा काही शब्दांपलीकडे बोलू शकला नाही. लौकिक अर्थाने हा प्रयत्न फसला. परंतु स्पर्श, दृष्टी, श्रवण यांचे क्रमाक्रमाने शिक्षण देता येते, ही दृष्टी त्यातून आली. इटार यांचे शिष्य सेगँ यांनी तीच दृष्टी मंदबुद्धी म्हणविल्या जाणाऱ्या मुलांसाठी पद्धतशीर रीतीने वापरली. आधी स्नायू, मग इंद्रिये, मग विचार, असा त्यांचा क्रम होता. रोममधील तरुण डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी सेगँ यांची साधने अशाच मुलांवर वापरून पाहिली आणि त्यांची प्रगती पाहून त्यांच्या मनात एक विलक्षण प्रश्न आला : ज्या साधनांनी ही मुले एवढी पुढे जातात, ती साधने इतर मुलांना का देऊ नयेत? १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आज सधन घरांतील मुलांसाठी मोठी फी घेऊन चालणाऱ्या मॉन्टेसरी शाळांतील रंगीत ठोकळे आणि मण्यांच्या माळा या विचाराचा जन्म अपंग मुलांच्या सहवासात झाला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या धाग्याचे दुसरे टोक महाराष्ट्रात आहे. त्याकडे पुढे वळू.

भारतात उपचारसेवेला खरी निकड आली ती पोलिओमुळे. बालपक्षाघात असे मराठी नाव असलेला हा रोग मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हालचालीची आज्ञा देतात त्यांवर आघात करतो. मुलाला दोन दिवस ताप येतो आणि तो उतरला की एक पाय उचलत नाही. बुद्धी शाबूत, स्पर्शाची जाणीव शाबूत, आणि पाय मात्र लोंबता. १९४० च्या दशकापर्यंत असा अवयव महिनोन् महिने फळ्यांत व प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याचा प्रघात पाश्चात्त्य देशांतही होता. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी या प्रघाताविरुद्ध बंड केले. ऊन पाण्यात पिळलेल्या लोकरीच्या पट्ट्यांनी शेक द्यावा, स्नायू मोकळे करावे आणि उरलेल्या स्नायूंना पुन्हा काम शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. डॉक्टरमंडळींशी त्यांचे पुष्कळ वाद झाले. पण अवयवाला स्वस्थ ठेवण्यापेक्षा कामाला लावण्यात हित आहे, हा विचार त्यातून रुजला. शेकाचे महत्त्व मराठी आजीबाईला नवे नव्हते. नवा होता तो शेकानंतरचा, स्नायूगणिक बेतलेला व्यायाम.

मुंबईत हा विचार एका आईच्या दुःखातून आला. फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्या. त्यांच्या लहानग्या मुलीस पोलिओ झाला. उपचाराच्या शोधात त्या मद्रासला गेल्या, पुण्याला आल्या, जेथे जे मिळेल ते त्यांनी पाहिले आणि शिकून घेतले. मुलीची प्रकृती सुधारली. एखादी आई येथे थांबली असती आणि तिला कोणी दोष दिला नसता. परंतु आपल्याला जी पायपीट करता आली ती गिरणीकामगाराच्या बायकोला करता येणार नाही, हे फातिमाबाईंनी ओळखले. १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र होत असतानाच, त्यांनी मुंबईत चौपाटीवर डॉ. बाळिगा यांनी दिलेल्या जागेत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले आणि अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी एक संस्था स्थापन केली. जागा अपुरी पडू लागली. पुढे हाजीअली येथे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संस्थेचे खरे वैशिष्ट्य असे की शस्त्रक्रिया, व्यायाम, कॅलिपर आणि शाळा या चारही गोष्टी मुलाच्या एकाच आयुष्याच्या बाजू आहेत, हे तेथे प्रथमपासून मानले गेले. मूल महिनोन् महिने खाटेवर असेल तर त्याचे धडे खाटेपाशी गेले पाहिजेत, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यासही त्या काळी झगडावे लागत असे.

याच सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणखी एका स्त्रीने एका नव्या व्यवसायाची पायाभरणी केली. तिचे माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. अमेरिकेतील क्वेकर घराण्यात वाढलेल्या या तरुणीने विष्णु निंबकर यांच्याशी विवाह केला, १९३० साली ती भारतात आली आणि कमला निंबकर या नावाने येथलीच होऊन राहिली. १९४० च्या दशकात कमलाबाईंनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. हे शास्त्र अमेरिकेतही तेव्हा तरुणच होते. १९१७ साली तेथे त्याची पहिली संघटना झाली आणि पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांच्या सेवेत त्याची परीक्षा झाली. त्याचे मूलतत्त्व असे की माणसाचा अवयव नुसत्या व्यायामाने जेवढा सुधारतो, त्याहून अधिक तो अर्थपूर्ण कामाने सुधारतो.

कमलाबाईंनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील हे पहिले विद्यालय मानले जाते. ज्या रुग्णालयाची उभारणी हिंदी डॉक्टरांनीच ते चालवावे या राष्ट्रीय जिद्दीतून झाली होती, तेथे एका जन्माने अमेरिकन परंतु वृत्तीने भारतीय झालेल्या बाईने हे काम करावे, यात विसंगती काहीच नव्हती. जिद्द तीच होती. १९५२ साली भारतीय व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ निघाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. १९५८ साली कमलाबाईंच्या प्रयत्नाने नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे विद्यालय निघाले. म्हणजे देशातील या शास्त्राची पहिली दोन्ही विद्यालये आजच्या महाराष्ट्राच्या भूमीत आहेत. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा आज त्यांचे नाव सांगते.

व्यवसायोपचार या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. रोग्याला धंदा शिकविणे असा त्याचा अर्थ नाही. येथे व्यवसाय म्हणजे ज्यात माणूस गुंतून जातो ते काम. प्रौढाचा व्यवसाय नोकरी किंवा शेती असेल. लहान मुलाचा व्यवसाय खेळणे, जेवणे, कपडे घालणे आणि भोवतालच्या माणसांशी जुळवून घेणे हाच आहे. ज्या मुलाची बोटे मिटलेलीच राहतात त्याला बोटे उघड म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर ओल्या कणकेचा गोळा ठेवला, त्यात एखादा रंगीत मणी लपविला, की बोटे आपोआप उघडतात. ज्याला एका जागी स्थिर बसवत नाही त्याच्यासाठी झोपाळा हे उपचाराचे साधन होते. कारण हलत्या आसनावर तोल सांभाळताना शरीराला आपल्या जागेची ओळख पटते. ज्याला घास गिळता येत नाही त्याच्या बाबतीत मान कोणत्या कोनात ठेवावी, चमचा किती उथळ असावा, यावर त्याचे पोषण अवलंबून असते. भौतिकोपचारक स्नायू आणि सांधे पाहतो, वाचोपचारक भाषा आणि गिळणे पाहतो, व्यवसायोपचारक हात, इंद्रिये आणि नित्यकर्म पाहतो. तिघांच्या मध्ये मूल मात्र एकच असते. म्हणूनच ही शास्त्रे एका छताखाली नांदली तरच ती फळतात.

हाजीअली येथेच १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने सरकारी क्षेत्रात भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन यांसाठी अखिल भारतीय संस्था सुरू झाली, आणि मुंबईच्या त्या समुद्रकाठच्या कोपऱ्यात या सेवेचे जणू एक ठाणे तयार झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत दिल्लीतही तसा विस्तार झाला. परंतु या काळातील बहुतेक सेवेचे लक्ष अवयवांवर होते. पोलिओने वाळलेला पाय डोळ्यांना दिसतो. त्याच्यासाठी देणगी मिळते, शिबिर भरते, कॅलिपर वाटले जातात. मेंदूतून उद्भवणारी उणीव डोळ्यांना अशी दिसत नाही. जन्माच्या वेळी श्वास अडकल्याने ज्याच्या मेंदूला इजा झाली, त्या मुलाचे हातपाय वाकडे होतात, जीभ वळत नाही, लाळ गळते; पाहणारा त्याला वेडा ठरवून मोकळा होतो. सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत बुद्धी पुष्कळदा उत्तम असते, हे आईला ठाऊक असते. परंतु आईची साक्ष शाळेच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नसे.

या मुलांच्या बाबतीतही पुढाकार पालकांनीच घेतला, ही भारतीय इतिहासातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मुंबईत १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने जी शाळा काढली, ती आज जय वकील शाळा म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६४ साली कामायनी निघाली. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी नवी पद्धती विकसित केली होती. चुकीच्या ठेवणीत मूल घट्ट होण्याआधीच त्याला योग्य रीतीने उचलावे, बसवावे, वळवावे, आणि हे सारे आईला शिकवावे, असा तिचा गाभा होता. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत केवळ तीन मुलांना घेऊन एक केंद्र सुरू केले. त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्या या कार्याची प्रेरणा होती. उपचार आणि शिक्षण एकाच दारात देणारे त्यांचे हे केंद्र देशभर अनुकरणीय ठरले. दिल्लीतही त्याच दशकाच्या अखेरीस तशी संस्था निघाली, आणि १९९१ साली मेरी बरुआ यांनी स्वमग्न मुलांसाठी दिल्लीतच कार्य सुरू केले. यांतील कोणतेही काम सरकारी आदेशाने सुरू झालेले नाही. आधी एखाद्या आईने वाट काढली, मग संस्था आली आणि शासन सर्वांत शेवटी आले.

या इतिहासात भाषेचाही एक इतिहास दडलेला आहे. लुळा, पांगळा, मुका, वेडा हे शब्द घरोघर होते. मग अपंग आला, मतिमंद आला, विकलांग आला आणि गेल्या दशकात दिव्यांग आला. शब्द बदलल्याने पाय चालू लागत नाहीत, हे खरे. तरीही विकासातील विलंब हा जो नवा शब्दप्रयोग रूढ झाला, त्याने एक मोठे काम केले. पांगळा म्हटले की निकाल लागतो. विलंब म्हटले की अजून काही करता येण्याजोगे शिल्लक राहते. दोन वर्षांच्या मुलावर शिक्का न मारता त्याला साहाय्य देण्याची सोय या शब्दामुळे झाली.

आता मॉन्टेसरींच्या धाग्याकडे वळू. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम करू लागल्या आणि मॉन्टेसरींची दृष्टी त्यांनी आपलीशी केली. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर सांभाळले. महागडी परदेशी साधने बाजूस सारून चिंचोके, शिंपले, माती आणि पाने यांनी इंद्रियशिक्षण देणे, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जाणे, ही या दोघींची देणगी. अंगणवाडी हा शब्द तेथलाच. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. येथे इतिहासाने एक वर्तुळ पूर्ण केले. पॅरिस आणि रोममध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी घडविलेली साधने वारली पाड्यांतील अंगणात पोहोचली. परंतु त्या अंगणात मागे पडलेले मूल ओळखण्याची व्यवस्था मात्र अजून आली नव्हती.

ती येण्यास फार उशीर लागला. अपंगांच्या समान संधीचा कायदा १९९५ साली झाला. वर्षातून निदान एकदा सर्व मुलांची तपासणी करून ज्यांना धोका संभवतो ती मुले हुडकून काढावी, असे कलम त्यात होते. त्या कलमाच्या आरंभीच मात्र आर्थिक कुवतीच्या मर्यादेत ही शब्दयोजना होती. प्रशासनाचा अनुभव असलेल्या कोणासही सांगावे लागू नये की अशी शब्दयोजना असली म्हणजे कलम कागदावर निवांत झोपते. सर्व मुलांच्या तपासणीची देशव्यापी यंत्रणा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नावाने निघाली ती २०१३ च्या फेब्रुवारीत, आणि तिचा आरंभ पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि आज तो जिल्हा स्वतंत्र आहे; बोर्डी आणि कोसबाड त्याच जिल्ह्यात आहेत. १९९५ ते २०१३ ही अठरा वर्षे होतात. कायदा झाला त्या वर्षी जन्मलेले मूल यंत्रणा निघाली त्याच वर्षी कायद्याच्या दृष्टीने सज्ञान होत होते.

या कार्यक्रमाची रचना मात्र विचारपूर्वक केलेली आहे. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार वर्गांतील तीस अवस्था त्यात आरंभी धरलेल्या होत्या. फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन तपासणी करतात, आणि ज्या मुलाला गरज आहे त्याला जिल्ह्याच्या सत्वर उपचार केंद्राकडे पाठवितात. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारक, वाचोपचारक, श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र असावेत, असे अपेक्षित आहे. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययनातील विशिष्ट अडचणी यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. २०२१ साली व्यवसायोपचार, भौतिकोपचार इत्यादी व्यवसायांच्या नियमनासाठी संसदेने कायदा केला; कमलाबाईंच्या विद्यालयास तेव्हा एकाहत्तर वर्षे झाली होती. त्याच वर्षी केंद्र सरकारने देशात चौदा ठिकाणी सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी सत्वर उपचार केंद्रे उघडली. त्यांपैकी एक दिल्लीत विष्णु दिगंबर मार्गावरील संस्थेत आहे.

तरीही या साऱ्या रचनेत एक फट राहिलेली आहे आणि तिचाच विचार सर्वाधिक निकडीचा आहे. २०१६ च्या कायद्याने ठराविक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा वर्षे या वयासाठी. मेंदूची घडण मात्र सर्वाधिक वेगाने होते ती सहा वर्षांच्या आधी. ज्या काळात थोड्या प्रयत्नाने पुष्कळ साधते त्या काळात मुलाला सेवा मिळेल की नाही हे योजनांवर, जिल्ह्यातील भरलेल्या वा रिकाम्या पदांवर आणि बापाच्या खिशावर अवलंबून असते; आणि जेव्हा हक्क निश्चित होतो तेव्हा सर्वांत मौल्यवान वेळ निघून गेलेली असते. शिवाय तपासणी आणि उपचार यांतही अंतर आहे. तपासणी एका दिवसात होते. उपचार आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे चालावे लागतात. मोखाड्याच्या पाड्यावरील आईला मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडविणे होय. दोन खेपांनंतर ती येत नाहीशी होते आणि दप्तरी पालकांची अनास्था असा शेरा पडतो. ज्या आईने मूल ताठ आहे हे सर्वांच्या आधी ओळखले, तिच्यावर अनास्थेचा आरोप व्हावा याहून मोठा अन्याय तो कोणता?

यावर उपाय अज्ञात आहे असे नाही. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरील पुनर्वसनाचा जो मार्ग सुचविला, तो हाच की तज्ज्ञाने प्रत्येक मुलाला रोज हात लावण्याची गरज नाही. तज्ज्ञाने आई, आजी आणि अंगणवाडी ताई यांना शिकवावे आणि ठराविक काळाने येऊन पाहावे. मूल दिवसातून चार वेळा जेवते, दोन वेळा कपडे बदलते, एकदा न्हाते. या प्रत्येक प्रसंगी योग्य रीतीने उचलले, बसविले, बोलविले तर आठवड्यातील एका तासाच्या उपचाराचे बळ कितीतरी पटींनी वाढते. न्हाऊमाखू घालण्याच्या ज्या परंपरेने मराठी घराला मुलाचे अंग ओळखण्यास शिकविले, त्याच परंपरेच्या हाती थोडे शास्त्र द्यावयाचे आहे. मात्र हे करताना तज्ज्ञाचे पद रिकामे ठेवण्यास ही सबब होता कामा नये. शिकविणाराच नसेल तर आई शिकणार कोणाकडून?

पोलिओचे उदाहरण या बाबतीत आशा देणारे आहे. १९९४ साली गांधीजयंतीच्या दिवशी दिल्लीत मुलांना सामुदायिकरीत्या पोलिओचे डोस देण्यात आले, तेव्हा हा रोग या देशातून जाईल असे फार थोड्यांना वाटत होते. पुढे तोच उपक्रम देशभर झाला. बूथ लागले, बोटांवर शाईच्या खुणा उमटल्या, स्थानकांवर आणि गाड्यांतही मुले शोधली गेली. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या रोगाने फातिमाबाईंना घराबाहेर काढले तो रोग गेला. प्रत्येक मुलापर्यंत पोहोचता येते, हे त्याने सिद्ध केले. फरक एवढाच की डोस दोन थेंबांचा असतो, आणि विलंबाच्या उपचाराला तेच दार पुन्हा पुन्हा ठोठवावे लागते. या सेवेला मोहिमेचा उत्साह पुरत नाही. तिला नित्यनेम लागतो.

पंगूने पर्वत ओलांडल्याची कृपेची कथा आपल्या भक्तिपरंपरेत आहे. त्या कथेने अनेक पिढ्यांना धीर दिला. गेल्या पाऊणशे वर्षांतील अनुभव असे सांगतो की ही कृपा पुष्कळदा शिकविता येते, नोकरीवर नेमता येते आणि अंदाजपत्रकात मांडता येते. परळच्या रुग्णालयातील एका खोलीत आणि चौपाटीवरील उसन्या जागेत ज्या कामाचा आरंभ झाला, ते आज कायद्यांत आणि योजनांत उतरले आहे. उरले आहे ते एवढेच की मुलाने पाऊल टाकण्यास उशीर केला तर त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी उशीर करू नये.